घराला पायऱ्या किती?

माझ्या सासरचं आडनाव ली नाही, हे मला लग्नाला दहा वर्षं झाल्यावर एका मोबाइल ॲपने सांगितलं.

6 एप्रिल 2024, शनिवार. छिंगमिंगच्या आठवड्यात आम्ही दरवर्षी कोल्माला जातो. सॅन फ्रान्सिस्कोने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात दफन करणं बंद केलं आणि जवळजवळ सगळ्या दफनभूमी दक्षिणेला या गावात गेल्या. आता तिथे जिवंत माणसांपेक्षा थडगी कितीतरी जास्त. छिंगमिंग म्हणजे आपल्या पितृपंधरवड्याचा वसंतातला चुलतभाऊ. थडगं धुवायचं, भाजलेलं डुकराचं मांस, उकडलेली कोंबडी आणि संत्री मांडायची, दारूचे तीन पेले ओतायचे, कागदी नोटा जाळायच्या आणि मग तिथेच सगळ्यांनी जेवायचं. मी साताऱ्याची. पहिल्या वर्षी माझी नजर सवयीने कावळा शोधत होती.

त्या दिवशी माझ्या सात वर्षांच्या मुलीने विचारलं, दगडावर काय लिहिलंय? नवऱ्याला कँटोनीज येतं ते जेवणाच्या टेबलापुरतं. लिपी त्याला वाचता येत नाही. म्हणून मी फोनचा कॅमेरा धरला. इंग्रजीत 'ली' कोरलेलं होतं. चिनी ओळीवर मात्र ॲप 'चेन' दाखवत होतं. नवरा म्हणाला, ॲप चुकतंय. मी तीनदा धरलं, तिन्ही वेळा चेन. लिपी वाचता येणारे सासरे शेजारीच उभे होते. ते संत्र्यांची रास नीट करत राहिले.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. नवराही बाबाच म्हणतो, कारण कँटोनीजमध्येही वडील म्हणजे बाबाच. वडिलांचे वडील ते 'ये-ये' आणि वडिलांची आई ती 'मा-मा'. (मामा म्हणजे आजी, हे माझ्या मामाला अजून पटलेलं नाही.) त्या थडग्यात ये-ये आणि मा-मा आहेत. दोघांनाही मी पाहिलेलं नाही.

गेल्या चौदा महिन्यांत आम्ही त्यांच्या फाइली शोधल्या. खर्च 230 डॉलरच्या आत आला, वेळ बराच गेला, एक मोठी चूक झाली. सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण चिनी घरात लग्न करून आलेल्या दोघी मैत्रिणींनी मागितलं. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडवर चिन्यांबरोबर हिंदुस्थानातून आलेले लोकही अडकवले गेले होते, तेव्हा कुणा मराठी वाचकाच्या पणजोबांचाही कागद त्याच दप्तरात निघू शकतो.

आधी थोडं मागचं सांगते. 2015 साली माझ्या ग्रीन कार्डाची मुलाखत होती. लग्न खरं आहे ना हे बघायला नवराबायकोला एकत्र बोलावतात. आदल्या रात्री बाबा वही घेऊन आमच्या घरी आले. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि विचारायला लागले. घराला पायऱ्या किती? तांदळाचा डबा कुठे असतो? स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला? शेजारच्या घरात किती माणसं? नवऱ्याने पायऱ्या चार सांगितल्या, मी पाच, कारण मी उंबऱ्याची धरली होती. आम्ही हसत सुटलो. बाबा हसले नाहीत. त्यांनी आम्हाला बाहेर नेऊन पायऱ्या मोजायला लावल्या. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याने अल्बम चाळला, कुठे भेटलात ते विचारलं आणि वीस मिनिटांत सोडलं. बाबा खाली गाडीत बसून होते. बाहेर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "पायऱ्या विचारल्या?"

कोल्माहून आल्यावर महिनाभर कोणी विषय काढला नाही. मे महिन्यात बाबांनीच मूनकेकचा पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "बघायचं तर बघ. मला काही विचारू नकोस." डब्यात मा-माने गावाहून पाठवलेली आठ पत्रं होती आणि एक जाड घडीचा कागद: ओळखपत्र, 1923 सालचं, मोठाल्या कानांच्या एका मुलाचा फोटो, आडनाव ली. 'सर्टिफिकेट ऑफ आयडेंटिटी' म्हणतात त्याला. 1909 पासून अमेरिकेत प्रवेश मिळालेल्या चिनी माणसाला ते जवळ बाळगावं लागे. दुसऱ्या कुठल्या देशाच्या माणसांना असलं काही लागत नसे.

कारण कायदाच एका वंशापुरता होता. 6 मे 1882 ला अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी केली. आधी आलेल्यांना मायदेशी जाऊन परत यायचा दाखला मिळायचा. 1 ऑक्टोबर 1888 ला तोही एका फटक्यात रद्द झाला. त्या दिवशी सुमारे 20 हजार माणसं दाखला खिशात घेऊन चीनमध्ये होती आणि ती तिथेच अडकली. बाबांच्या घरातली जुनी गोष्ट अशी की, ये-येंचे आजोबा त्यातलेच एक. लग्नासाठी गेले आणि 'गाम-सान', म्हणजे सोन्याचा डोंगर (अमेरिकेला ते असं म्हणत), त्यांना कायमचा बंद झाला. याला कागद काही सापडला नाही, म्हणून गोष्टच म्हणते.

मग दुसरी वाट निघाली. अमेरिकेत जन्मलेला चिनी हा नागरिकच, असा निकाल सुप्रीम कोर्टाने वाँग किम आर्क खटल्यात 1898 साली दिला. आणि 18 एप्रिल 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतली जन्माची दप्तरं जळाली. आता माझा जन्म इथलाच, असं कोणी म्हणालं तर ते खोटं पाडायला कागद नव्हता. असा नागरिक चीनला जाऊन आला की सांगायचा, मला तिकडे मुलगा झाला. नागरिकाचा मुलगाही नागरिक. प्रत्यक्षात मुलगा झालेला नसला तरी कागदावर एक जागा तयार व्हायची आणि ती जागा विकली जायची. भाव साधारण वयाच्या वर्षाला 100 डॉलर. ती विकत घेऊन जो यायचा तो 'कागदी मुलगा'. हा शब्द मी लावलेला नाही, ते लोक स्वतःच असं म्हणत.

एवढं मला जूनपर्यंत वाचून कळलं होतं. पुढे मात्र मी घाई केली. इमिग्रेशन खात्याचा वंशावळ शोधण्याचा एक स्वतंत्र विभाग आहे. तिथे आधी सूचीत शोध घ्यायचा अर्ज आणि सापडलं तर प्रत मागवायचा दुसरा अर्ज, ऑनलाइन केले तर प्रत्येकी 30 डॉलर, कागदावर 80. मी पहिला अर्ज भरला. नाव लिहिलं अमेरिकन पद्धतीने, आधी नाव, मग आडनाव, नावाची दोन अक्षरं एकत्र जोडून. तीन महिन्यांनी उत्तर आलं: नोंद नाही. चूक सर्वस्वी माझी. जुन्या नोंदींत चिनी नाव आडनावापासून सुरू होतं, तिन्ही अक्षरं सुटी असतात आणि कारकुनाला जसं ऐकू आलं तसं स्पेलिंग. त्या काळी लग्नानंतर पुरुषाला आणखी एक नाव मिळायचं, ते वेगळंच. अर्ज करण्याआधी घरातल्या प्रत्येक कागदावरची प्रत्येक तऱ्हा एका पानावर उतरवून घ्या. आमच्याकडे ये-येंच्या नावाच्या सात तऱ्हा निघाल्या.

त्याहून मोठी गोष्ट मला उशिरा कळली. जन्माला शंभर वर्षं होऊन गेलेल्या माणसांच्या इमिग्रेशनच्या फाइली खात्याकडून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जातात आणि त्याची सूची घरबसल्या फुकट शोधता येते. चिन्यांच्या बंदीच्या काळातल्या चौकशीच्या फाइली तर आधीपासून तिथेच आहेत. सॅन फ्रान्सिस्को बंदरातून आलेल्यांच्या फाइली सॅन ब्रुनोच्या केंद्रात आहेत, कोल्मापासून गाडीने दहा मिनिटांवर. म्हणजे दहा वर्षं आम्ही संत्री घेऊन त्या फाइलीच्या शेजारून जात होतो. आधी फुकटचं दार वाजवावं, पैशाचं नंतर.

3 जुलैला मी सॅन ब्रुनोला ईमेल केला: नावाच्या सातही तऱ्हा, ओळखपत्राचा नंबर, साल, बंदर. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. फाइल आहे, पानं 61, भेटीची वेळ घ्या. टपालाने प्रती हव्या तर पानाला 80 सेंट, किमान 20 डॉलर. स्वतः गेलात तर आपल्या फोनने, फ्लॅश न वापरता, फुकट फोटो.

20 ऑगस्ट, मंगळवार. मी एकटी गेले. नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि खरं तर त्याची हिंमतही होत नव्हती. ओळखपत्र दाखवून अभ्यासकाचं कार्ड मिळालं, त्याला पैसे नाहीत. पर्स, पेन, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये ठेवायचं. आत फक्त पेन्सिल, सुटे कागद, फोन. स्वेटर घेऊन जा, आत गारठा असतो. टेबलावर एक करडं खोकं आलं, त्यात एक फोल्डर, आणि वरच्याच पानावर तो मोठ्या कानांचा मुलगा.

ऑक्टोबर 1923 मध्ये तो हाँगकाँगहून आला. कागदावर वय 16, नंतर कळलं की खरं 15. एंजल आयलंडवर पाच आठवडे. दोन अधिकारी, एक टंकलेखक, एक दुभाषी. आधी मुलाचा जबाब, मग 'कथित वडिलांचा', मग 'कथित भावाचा', आणि तिघांची उत्तरं शेजारी ठेवून तपासलेली. फाइलभर हा 'कथित' शब्द असतो. मुलाला 112 प्रश्न विचारले आहेत, मी मोजले. तुमच्या गावात घरांच्या रांगा किती? तुमचं घर कितव्या रांगेत कितवं? दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? त्याची बायको पाय बांधलेली की मोकळ्या पायांची? विहीर गावाच्या कुठल्या टोकाला? घरात घड्याळ आहे का, कुठल्या भिंतीवर? तांदळाचा रांजण कुठे ठेवता?

आणि मग, पान 14 वर: घराला पायऱ्या किती?

मी पेन्सिल खाली ठेवली.

मुलाचं उत्तर: दोन, दगडी. वडिलांचं: दोन, दगडी. रांजणावर मात्र गाडी अडली होती. मुलगा म्हणाला झोपायच्या खोलीत, वडील म्हणाले चुलीपाशी. त्यासाठी त्याला नऊ दिवसांनी परत बोलावलं. दुसऱ्या जबाबात तो म्हणतो की रांजण आधी चुलीपाशी होता, पावसाळ्यात आईने आत हलवला. पंधरा वर्षांच्या पोराला तिथे बसून हे सुचलं असेल की बेटावरच्या कोणी सुचवलं असेल, देव जाणे. बाहेरून जेवणातून चिठ्ठ्या आत यायच्या असं म्हणतात. पढवायच्या वह्या बोटीवरच पाठ करून बंदर दिसायच्या आत समुद्रात टाकायच्या असत. फाइलच्या शेवटी शिक्का आहे: प्रवेश मंजूर.

हे घर त्याचं नव्हतंच. कागदी बापाच्या गावातलं, कागदी बापाचं घर. त्याने त्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

त्याच फोल्डरमध्ये पुढचे कागदही आहेत, कारण चिनी वंशाच्या अमेरिकी नागरिकाला देशाबाहेर जायचं तर जाण्याआधी फॉर्म 430 भरून नव्याने चौकशीला सामोरं जावं लागे. 1930 मध्ये ते लग्नाला गेले, 1932 मध्ये परतले आणि परत येताना त्यांनी सांगितलं, मला दोन मुलगे झाले. पहिला खरा, 1931 चा. तो बाबांचा मोठा भाऊ. दुसरा कोण, ते तेव्हा मला कळलं नाही. बाबांना एकच भाऊ होता.

मा-मा मागे राहिली. 1924 च्या कायद्याने नागरिकांच्या चिनी बायकांनाही दार बंद केलं होतं. पुढे 1930 मध्ये सवलत मिळाली ती कायदा व्हायच्या आधी लग्न झालेल्यांनाच. अशा बायकांना तिकडे 'जिवंतपणीच्या विधवा' म्हणत. डब्यातली आठ पत्रं मी एका भाषांतरकाराकडून इंग्रजीत करून घेतली, 150 डॉलर पडले. मा-माला लिहिता येत नव्हतं, ती गावातल्या पत्रलेखकाला सांगायची. 1937 नंतर पत्रं विरळ होत जातात. जपान्यांच्या युद्धाने पैसे पोहोचेनासे झाले, 1943 मध्ये त्या भागात दुष्काळ पडला. त्यानंतरच्या पत्रात एवढंच आहे की सासूबाई गेल्या, दार विकलं, मुलगा आहे. दार विकलं म्हणजे लाकडाचं दार. मी भाषांतरकाराला दोनदा विचारून घेतलं.

1943 च्या डिसेंबरात चिन्यांवरची बंदी उठली ती वर्षाला 105 माणसांच्या कोट्यासह. हिंदुस्थानी माणसांना 1946 मध्ये 100 चा कोटा मिळाला. 1965 चा कायदा आला आणि मग माझ्यासारखे आलो. ऑफिसमधली माझी पुण्याची मैत्रीण 2012 पासून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे, कारण आजही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. मी लग्नाच्या दारातून आले म्हणून एका वर्षात आत. तिच्यासमोर हा विषय निघाला की मी चहा करायला उठते. मा-मा 1947 मध्ये आली. ये-ये दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते, आणि 1946 मध्ये नागरिकांच्या चिनी बायकांना कोट्याबाहेर यायला परवानगी मिळाली होती. पंधरा वर्षांनी नवराबायको भेटली. 1948 मध्ये मोठे काका आले, वय 17. खरा मुलगा, पण येताना त्यालाही खोटं आडनाव लावूनच यावं लागलं. 1949 मध्ये बाबा जन्मले, सॅन फ्रान्सिस्कोत, जन्मानेच नागरिक.

सॅन ब्रुनोहून परतल्यावर मी 61 पानांच्या कागदी प्रती मागवल्या, 48 डॉलर 80 सेंट. बाबा फोनवर वाचत नाहीत. सप्टेंबरात पाकीट आलं. बाबांनी ते तीन दिवस उघडलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन आला. "चौदाव्या पानावर आपलं घर आहे," म्हणाले.

मी गप्प राहिले. ते सांगत सुटले. दोन दगडी पायऱ्या, तिसऱ्या रांगेतलं दुसरं घर, पूर्वेला विहीर, विहिरीवर लिचीचं झाड. लहानपणी रात्री ये-ये त्यांना झोपवताना हे घर 'फिरवून आणायचे'. दारातून आत जायचं, उजवीकडे चूल, डावीकडे रांजण, वर घड्याळ. चुकलं की परत दारापासून सुरुवात. बाबांना तो खेळ वाटायचा. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला ते घर अजून पाठ होतं, आणि ते घर आपलं नव्हे हे त्यांना सांगायची जबाबदारी माझ्यावर आली होती.

मी त्या दिवशी सांगितलं नाही. आडनाव खोटं आहे हे बाबांना ठाऊक होतं, दगडावर चेन कोरायला त्यांनीच सांगितलं होतं. पण घरही खोटं असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

दरम्यान नवऱ्याने अभिलेखागाराच्या सूचीत सातही तऱ्हा एकेक टाकून बघितल्या आणि पाचव्या तऱ्हेला ये-येंच्या नावाची 'ए-फाइल' निघाली. आम्ही चक्रावलो. ए-फाइल परदेशी माणसाची असते आणि ये-ये तर 1923 पासून कागदोपत्री नागरिक. सॅन ब्रुनोच्या बाईंना विचारलं. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: कबुली दिली असेल.

1955 च्या अखेरीस हाँगकाँगमधल्या अमेरिकी कॉन्सुल जनरलने खोट्या नातेसंबंधांवर एक मोठा अहवाल पाठवला. दुसऱ्या वर्षी चायनाटाउनमधल्या मंडळांची दप्तरं कोर्टाने मागवली आणि खात्याने कबुलीची योजना काढली. आपण कागदी मुलगा आहोत हे सांगायचं, नागरिकत्व सोडायचं आणि निकषात बसलात तर नव्याने, खऱ्या नावाने कायदेशीर व्हायचं. 1965 पर्यंत सुमारे 14 हजार जणांनी कबुली दिली. पण कबुली एकट्याची देता येत नसे. खरं कुटुंब आणि कागदी कुटुंब, दोन्हींतल्या सगळ्यांची नावं सांगावी लागत.

14 नोव्हेंबरला आम्ही दोघं गेलो. नोव्हेंबर 1959 चा जबाब. त्यात त्यांचं खरं नाव आहे, चिन. तायशान जिल्ह्यातले लोक आपल्या बोलीत चिन म्हणतात, कँटोनीजमध्ये चान, बीजिंगच्या भाषेत चेन, अक्षर एकच. त्यांचं खरं गावही आहे. ते गाव दगडावर आधीच कोरलेलं होतं. चिनी थडग्यावर बहुधा उजव्या बाजूच्या ओळीत जिल्हा आणि गाव असतं, म्हणून कुठल्याही दप्तरात जाण्याआधी थडग्याचा चांगला फोटो काढून जाणत्या माणसाला दाखवा. आमचा शोध पहिल्या दिवशीच निम्मा झाला असता. आपल्याकडे नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही सापडते ना, तशी यांच्याकडे घराण्याची वंशावळ-पोथी असते. पण कित्येक घरांच्या सांस्कृतिक क्रांतीत जळाल्या. यांची जळली का, माहीत नाही. मग उरतो दगड.

जबाबात लिहिलंय की जागेचे 1500 डॉलर ठरले होते आणि ते त्यांनी लाँड्रीत काम करून आठ वर्षं फेडले. दोन तक्ते आहेत, एका पानावर खरं कुटुंब, शेजारच्या पानावर कागदी. कागदी तक्त्यात बाबांच्या भावाखाली तो 'दुसरा मुलगा'. ती जागा ये-येंनी 1950 मध्ये शेजारच्या गावच्या एका पोराला विकली होती. तो आला आणि सॅक्रामेंटोला राहिला. जबाबात त्याचं नाव आणि पत्ता आहे.

खऱ्या घराला पायऱ्या किती, हे त्या जबाबात कोणी विचारलेलं नाही. खोट्या घराची इंच न इंच नोंद आहे, खऱ्याचं फक्त गाव. ये-येंना सैन्यातल्या नोकरीमुळे सवलत मिळाली, 1962 मध्ये ते पुन्हा नागरिक झाले. आडनाव मात्र लीच ठेवलं. मुलांच्या शाळेत, दुकानावर, सैन्याच्या कागदांवर लीच होतं.

डिसेंबरात आम्ही बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते घराबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "सॅक्रामेंटो?"

दर नव्या वर्षाला सॅक्रामेंटोहून एक जण संत्र्यांची पेटी घेऊन यायचा. मुलं त्याला काका म्हणायची. तो बाबांना खांद्यावर बसवून सिंहनृत्य बघायला न्यायचा. बाबा दहा-अकरा वर्षांचे असताना तो यायचा बंद झाला. विचारलं की मा-मा म्हणायची, तो लांब राहायला गेला. बाबांनी बोटांवर वर्षं मोजली. मग उठून अंगणात गेले, नळी लावून झाडांना पाणी घालत बसले. तेव्हा बाहेर पाऊस पडत होता.

म्हणून माझी एकच विनंती. फाइल मागवायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि नुसतं 'मागवू का' असं नको. त्यात काय काय निघू शकतं ते सांगून विचारा. मी तसं केलं नाही. डबा दिला म्हणजे होकार, असं मी धरलं.

जानेवारी 2025 मध्ये बाबांनीच मोठ्या काकांची फाइल मागवायला सांगितली. काका 2011 मध्ये गेले. पण जन्माला अजून शंभर वर्षं झाली नसल्याने त्यांची फाइल खात्याकडेच आहे. ती 'फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन'खाली मागायची, म्हणजे आपल्या माहिती अधिकारासारखंच. अर्ज ऑनलाइन, फी नाही, सोबत मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. दाखल्यावरचं आणि अर्जावरचं स्पेलिंग सारखं ठेवा, वेगळं असेल तर अर्जात एका ओळीत कारण लिहा. आम्हाला दहा आठवड्यांत 74 पानं मिळाली, काही ओळी काळ्या केलेल्या. काकांनाही 1960 मध्ये वडिलांच्या मागोमाग जबाब द्यावा लागला होता. बाबांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांना कुणी काही विचारलंच नाही, कारण घरात तेवढे एकच खरेखुरे नागरिक होते.

यंदाच्या छिंगमिंगला बाबांनी मुलीला दगडावरची उजवीकडची ओळ वाचायला शिकवली. संत्री नेहमीपेक्षा जास्त आणली होती, का ते मी विचारलं नाही.

आता सॅक्रामेंटोच्या माणसाच्या फाइलीचा प्रश्न आहे. 1950 मध्ये तो सतरा-अठराचा असेल तर आज नव्वदी ओलांडून गेला असेल. अर्जात दोन चौकटी आहेत: माणूस हयात असेल तर त्याची सही केलेली संमती, नसेल तर मृत्यूचा दाखला. आमच्याकडे दोन्ही नाही. तो सापडला असता तरी आम्ही कोणत्या तोंडाने सही मागणार होतो? अर्ज बाबांच्या टेबलाच्या खणात आहे. नावाच्या रकान्यात त्यांनी दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत, कागदावरचं आणि खरं. नात्याच्या रकान्यात आधी 'भाऊ' लिहिलं होतं. ते खोडलं आहे, आणि त्यावर अजून काही लिहिलेलं नाही.